ठरावाने झालेले भाऊबंद

आंबेपिंप्रीच्या नगरपंचायतीत पर्यटनवाढीची पहिली बैठक भरली, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी एकच साधा प्रश्न विचारला. आपल्या गावात बाहेरच्या माणसाने येऊन पाहावं असं काय आहे? त्यावर अशी शांतता पसरली की डोक्यावरच्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मग लाइट गेली आणि तीही थांबली.

तसं काहीच नव्हतं असं नाही. नदीकाठी बगिचा होता, म्हणजे बगिच्याची कमान होती, आत बगिचा नव्हता. बंधारा होता, पाणी नव्हतं. गावाची जुनी दगडी वेस गेल्याच वर्षी रस्ता रुंद करताना पाडली होती, आणि ती पाडावी म्हणून ठराव मांडणारे सभासदच आता "काय वेस होती हो!" म्हणून हळहळत होते. एरंडोलकडे पद्मालयाचं गणपतीमंदिर होतं, पण ते आपल्या हद्दीत येत नाही असं नगररचनेच्या साहेबांनी खेदाने सांगितलं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाल्यापासून गाव मोठं झालं होतं ते एवढंच, की पूर्वी नळाला पाणी आलं नाही तर सरपंचाला शिव्या देता येत, आता नगराध्यक्षांना निवेदन द्यावं लागे.

शेवटी पर्यटन सभापती बन्सीलाल उठले. स्टँडसमोर त्यांचं भजी-जिलेबीचं हॉटेल, त्यामुळे बाहेरगावच्या माणसांचा अभ्यास गावात त्यांच्याइतका कोणाचा नव्हता.

"साहेब, आपल्याकडे कानबाई आहे."

मुख्याधिकारी कोल्हापूरकडचे. "देऊळ कुठंशी आलं?"

"देऊळ नाही. घरात बसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला नथ घालायची, डोळे लावायचे, चौरंगावर केळीचे खांब बांधून बसवायचं. रात्रभर बाया गाणी म्हणतात. सोमवारी वाजतगाजत नदीवर. आणि जेवायला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या."

"वा!" मुख्याधिकारी म्हणाले. "हे तर सांस्कृतिक पर्यटन. एक चांगलं घर निवडा."

अशा रीतीने झुलाल नानांचं घर निवडलं गेलं.

नाना बसस्टँडवरचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. जन्मभर जाळीच्या खिडकीआड बसून त्यांनी भोंग्यावर गाड्या पुकारल्या होत्या, आणि त्या आवाजाची सवय घरातही राहिली होती. चहा मागितला तरी शेजारची माणसं पिशव्या उचलत. आपल्या घरातली कानबाई गावात सगळ्यांत जुनी म्हणूनच शासनाची नजर आपल्यावर पडली, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या दारासमोर मोठी बस वळते, दुसऱ्या कोणाच्या समोर वळत नाही, हे खरं कारण त्यांना फार उशिरा कळलं. तोपर्यंत बस वळायची जागाही राहिली नव्हती.

पण ही बातमी आली तेव्हा नानांच्या घरात वेगळंच चाललं होतं. यंदा कानबाईचं काय करायचं, हा प्रश्न होता.

कानबाईचा नेम ज्याच्या घरी आहे त्यालाच त्याचं ओझं ठाऊक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू काढायचे. कोणाकडे सव्वा मूठ काढतात, नानांच्या कुळात सव्वा ओंजळ. तो नेम लावणारा पूर्वज एकतर फार भाविक असावा नाहीतर फार खाणारा. त्या गव्हांचे रोट, पुरणपोळी, जोडीला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि खीर. हे सगळं फक्त भाऊबंदांनी खायचं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, लेक दुसऱ्या घरी दिली की तिलाही नाही. पिठातला कोंडासुद्धा टाकायचा नाही. जेवून हात धुतले तर ते पाणी अंगणात खड्डा करून त्यात. आणि नावाने काढलेल्या गव्हांचा शेवटचा कण पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत घरच्यांच्या पोटात गेला पाहिजे.

घर भरलेलं होतं तोवर हा नेम नव्हता, चैन होती. पंगतीवर पंगती उठत, शेवटच्या रोटासाठी पोरांची झोंबाझोंबी होई. मग एक चुलतभाऊ सुरतेला गेला, दुसरा नाशिकला, नानांचा एकुलता एक स्वप्नील पुण्याला. माणसं गेली, पण नावं घरातच राहिली, त्यामुळे गहू तेवढेच निघत. गेल्या वर्षी बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या, खानदानाचे रोट नाना आणि त्यांची बायको मंजुळाबाई या दोघांनी मिळून संपवले होते. पौर्णिमेच्या दिवशी नाना भिंतीला टेकून बसले होते आणि मंजुळाबाई त्यांना ओवा भरवत होत्या. त्याला सण म्हणणं अवघड होतं.

अमृत तेवढा जवळ होता. नानांचा सख्खा धाकटा भाऊ, धुळ्याला घर बांधून राहिलेला. पण तो स्वप्नील शाळेत असल्यापासून आला नव्हता. त्या वर्षी गहू काढताना आपलं नाव घ्यायचं राहिलं, असं अमृतचं म्हणणं. घेतलं होतं, असं नानांचं. तोवर गहू दळून झाले होते, आणि पिठात कोणाचा गहू कोणता हे प्रत्यक्ष कानबाईलाही सांगता आलं नसतं. अमृत भरल्या ताटावरून उठला, त्याने पायात चपला घातल्या आणि धुळ्याची गाडी धरली. ती गाडी पाठोपाठ ड्यूटीवर गेलेल्या नानांनीच खिडकीतून पुकारली होती. भावासाठी ती थांबवायची का, हा विचार त्यांच्या मनात आला होता, पण गाडी वेळेवर होती.

यंदा आषाढ संपताना नानांनी मंजुळाबाईंना सांगून टाकलं होतं. "यंदा घरमा भाऊबंद उना नही ते सोमवारी नारय नदीमा सोडी देसू. कायमना."

दरवर्षी नारळाला फक्त आंघोळ घालून परत आणायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. मंजुळाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली आणि ती करपेपर्यंत तिच्याकडे पाहत बसल्या.

म्हणून बन्सीलाल नगरपंचायतीचा निरोप घेऊन आले तेव्हा नानांच्या मनाने आधी वेगळाच हिशेब मांडला. मुंबई-पुण्याची परकी माणसं आपली कानबाई पाहायला येणार, पेपरात येणार, बॅनर लागणार. ते पाहून सुरत-नाशिकच्या भाऊबंदांना लाज वाटेल आणि ते धावत येतील. त्यांनी लगेच सगळ्यांना फोन लावले. सुरतेच्या चुलतभावाने विचारलं, "राहायची सोय शासनाची आहे का?" नाशिकवाला म्हणाला, "आमची नावं पर्यटकांत टाकता येतील का?" स्वप्नील म्हणाला, "नक्की बघतो, नाना." या 'बघतो'चा अर्थ नाना चांगला ओळखून होते. खिडकीआड असताना तो शब्द त्यांनी स्वतः अनेकांना दिला होता. तरी त्यांना आनंद झाला.

आता सल्ले सुरू झाले. आपल्याकडे कोणी आजारी पडलं किंवा कोणाच्या घरी शासन आलं की गाव कामधंदा सोडून सल्ला द्यायला येतं. एक म्हणाला, घराला पिवळा रंग द्या, फोटोत चांगला येतो. दुसरा म्हणाला, रंग उडालेला असू द्या, पर्यटकाला जुनंच आवडतं. नानांनी समोरची भिंत रंगवली आणि बाजूची तशीच ठेवली, त्यामुळे दोघेही नाराज झाले. तिसऱ्याने संडास पाश्चात्त्य पद्धतीचा हवा असं ठणकावलं. तो बसवायला आलेल्या माणसाने जुना फोडला, नवा उद्या आणतो म्हणून गेला आणि परत आला नाही. त्यामुळे ऐन श्रावणात नाना डबा घेऊन नदीकडे जाऊ लागले. सांस्कृतिक पर्यटनाचा पहिला लाभ तो.

खरी अडचण मात्र मंजुळाबाईंनी काढली.

"आनि रोट कोन खाई? परका मानूसना तोंडमा रोट गया ते बाई बठी का आपला घरमा?"

हे नानांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते नगरपंचायतीत गेले. मुख्याधिकाऱ्यांच्या कागदावर 'स्थानिक खाद्यानुभव' असं ठळक छापलेलं होतं आणि ते काढता येत नव्हतं, कारण तो कागद जिल्ह्याला गेला होता आणि जिल्ह्यावरून कागद परत येण्याची पद्धत नव्हती.

"मग भाऊबंद म्हणजे नक्की कोण?" त्यांनी विचारलं. "व्याख्या काय?"

"व्याख्या नाही साहेब. जन्माने असतात."

"दत्तक घेता येतात ना पण?" बन्सीलाल म्हणाले.

त्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की महोत्सवासाठी येणाऱ्या नोंदणीकृत पर्यटकांना त्या दिवसापुरतं श्री. झुलाल यांचे भाऊबंद समजण्यात यावं. विरोधी सभासदांनी हरकत घेतली, की एकाच वॉर्डात एवढे भाऊबंद देणं हा इतर वॉर्डांवर अन्याय आहे. पुढच्या वर्षी त्यांच्या वॉर्डातही भाऊबंद देऊ असं आश्वासन मिळाल्यावर ठराव एकमताने मंजूर झाला.

नानांनी ठरावाची प्रत घरी आणून ओसरीवर वाचून दाखवली, त्यांच्या पुकारायच्या आवाजात, त्यामुळे गल्लीनेही ऐकली. समोरच्या भिकुबाई वयाने गल्लीत सगळ्यांत मोठ्या. त्या काठी टेकत आल्या.

"चांगलं वाचं रे भाऊ. आते हाऊ ठराव बाईलेबी वाची दाखाड. तिनी सही लेस का देख."

शेजारचे नासीरभाई मंडप-डेकोरेशनवाले. महोत्सवाचा मांडव त्यांच्याकडेच होता. बांबू खांद्यावरून खाली ठेवून ते म्हणाले, "नाना, आपली भिंत एक शे. ईदले शीरखुर्मा मना घरथून पहिलं तुमना घर येस. इतला वरीस माले रोटना तुकडा दिधा नही, मी मांगा बी नही. म्हटलं, नेम शे. आनि आते मुंबईवाला एक दिनमा भाऊबंद! अर्ज कोठे करना पडस सांगा, मी बी करी देस."

"थट्टा करू नको नासीर."

"थट्टा कोन करी राह्यना? मी ते रांगमा उभा शे."

नाना हसले नाहीत. घरात जाऊन त्यांनी ठरावाची प्रत देव्हाऱ्यामागे ठेवली आणि थोड्या वेळाने तिथूनही काढली.

शनिवारी गहू काढायचे होते. नगरपंचायतीचा लिपिक पुना मोबाइलवर नोंदणी झालेली नावं घेऊन आला. बस भरून होती. जिल्ह्याने आकडा दिलेला असल्यामुळे तो भरणं भागच होतं. नाना पुकारू लागले आणि मंजुळाबाई सुपात गहू घालू लागल्या.

"विनय नाडकर्णी, मुंबई." सव्वा ओंजळ.

"शैलेश शहा, बोरिवली." सव्वा ओंजळ.

"टेस्ट वन."

मंजुळाबाईंची ओंजळ थांबली. "हाऊ कोन?"

नानांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पण अख्ख्या स्टँडच्या चौकशा एकट्याने झेललेला माणूस माहीत नाही असं म्हणत नाही. "परदेशी असेल."

"नि पुढे?"

"टेस्ट टू. त्याना भाऊ."

पुना काहीतरी सांगणार होता, पण आपल्याच हाताने भरलेली नावं आपणच खोडायची हे त्याला प्रशस्त वाटलं नाही.

मग बायांची नावं आली. साहेबांनी बजावलं होतं, स्त्री-पुरुष भेद चालणार नाही. "ऋतुजा प्रधान, ठाणे," नाना पुकारले, आणि मंजुळाबाईंनी मान वर करून पाहिलं. या घरात येऊन त्यांचे केस पांढरे झाले होते, पण त्यांच्या नावाने कधी दाणाही निघाला नव्हता. त्यांनी ऋतुजा प्रधानची सव्वा ओंजळ घातली. मग पुढचं नाव यायच्या आत आणखी एक घातली. नानांनी ते पाहिलं, आणि मोबाइलकडे फार बारकाईने पाहू लागले.

शेवटी घरची नावं. स्वप्नील, सुरतवाले, नाशिकवाले. अमृतचं नाव त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने घेतलं. ऐकणारं कोणी नव्हतं.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी दारासमोर जेसीबी आलं.

नाना धावत बाहेर गेले. जेसीबीवाला म्हणाला, पर्यटन निधीतून गल्ली सुशोभित करायची आहे, रंगीत फरशी बसणार. नाना म्हणाले, उद्या पर्यटक येणार आहेत! तो म्हणाला, म्हणूनच. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढा चर झाला. फरशी सोमवारी येणार होती. शनिवार-रविवार कार्यालय बंद, मुख्याधिकारी गावी, आणि बन्सीलाल म्हणाले, "नाना, काम सुरू झालं हेच मोठं. थांबवलं तर निधी परत जाईल."

रविवारी कानबाई बसली. नासीरभाईंनी मांडव घातला तो चराच्या अलीकडे, बांबूला बांबू बांधत, जीव धरून. चौरंगावर नथ घातलेला नारळ, केळीचे खांब, वर टांगलेला तळणीच्या पदार्थांचा फुलवरा. खरोखर देखणी दिसत होती बाई. रोट झाले, पुरण झालं, गंगाफळाच्या भाजीचं पातेलं दोघांना उचलेना. नाना धुतलेला पायजमा घालून ओट्यावर उभे राहिले.

बस आली. वळणावरच्या डांबरी सडकेवर ती थांबलेली नानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दारातून काही माणसं उतरली, चराकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. एका बाईने छत्री उघडून मोबाइल वर धरला आणि दुरूनच फोटो काढला. तीच ऋतुजा प्रधान असावी असं मंजुळाबाईंना वाटलं. मग ड्रायव्हरने हॉर्न दिला. नानांनी हात वर केला, तोंड उघडलं; जन्मभर त्यांनी गाड्या सोडल्या होत्या, थांबवायला काय पुकारतात हे त्यांना आठवेना. बस मागे सरकली, वळली आणि पद्मालयाकडे गेली. तिथे गणपतीचं दर्शन घेऊन पर्यटकांनी शेतातल्या एका ढाब्यावर भरीत खाल्लं आणि ते फार खूश होऊन परतले, असं पुनाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याला वाटलं, ऐकून नानांना बरं वाटेल.

सुरतेहून कोणी आलं नाही. नाशिकच्यांनी बॅनरचा फोटो मागवला. स्वप्नीलचा फोन आला, "नाना, सोमवारी ऑफिस आहे हो."

रात्री भिकुबाई आणि गल्लीतल्या बाया चरावर फळी टाकून आल्या, गाणी म्हटली, आणि चहा घेऊन गेल्या. रोटांकडे कोणी पाहिलं नाही. तो नेम सगळ्यांना ठाऊक होता.

सोमवारी सकाळी नदीवर नानांनी नारळ हातात घेतला. पाणी घोट्यापर्यंत होतं. ते आणखी आत जाऊ लागले तशी मंजुळाबाईंनी काठावरून हाक मारली.

"कोठे चालनात?"

"तुले सांगेल व्हतं ना."

"घरमा इतलं रांधेल पडेल शे. बठ्ठासना नावनं. ते सरत नही तोवर तिले कशी काढतस घरबाहेर? जेवन व्हवाना आधी पाव्हनालेबी कोनी धाडत नही."

नाना पाण्यात उभे राहिले. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले आणि ओल्या चपला झटकत बसले. शेवटी नारळाला आंघोळ घातली आणि सगळे परत आले, फळीवरून, एकेक करून.

मग खाणं सुरू झालं. सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी दुधात कुस्करून रोट. पीठ रोज थोडं भिजवलं तरी डबा खाली जाईना. नाडकर्णी संपले, शहा संपले. टेस्ट वन नानांच्या छातीत अडकला आणि दुपारभर उतरला नाही. गल्लीत रोटांचा घमघमाट, पण एकाही माणसाला हात लावता येत नाही. नासीरभाई भिंतीवरून डोकावून विचारत, "नाना, अजून किती भाऊबंद राह्यनात?" आणि लिमलेटच्या गोळ्या देऊन जात.

बुधवारी नगरपंचायतीचा आरोग्य निरीक्षक आला. अंगणात हात धुवायला केलेला वीतभर खड्डा पाहून त्याने नोटीस दिली: उघडा खड्डा, डासांचा धोका, तात्काळ बुजवावा. ती द्यायला तो बाहेरच्या चरातून आला होता, आणि परत जाताना त्याच चरात घसरला. नानांनी त्याला हात देऊन वर काढलं. हे काम आपल्याकडेच का यावं, असं त्यांना वाटून गेलं.

त्या दुपारी नाना जेवायला बसले आणि त्यांना घास गिळवेना. ताटाकडे पाहत ते म्हणाले, "कोनाकोनाना नावनं खाऊ मी?"

मंजुळाबाई उठून मागच्या दारी गेल्या आणि त्यांनी धुळ्याला कोकिळाबाईंना फोन लावला. कोकिळा म्हणजे अमृतची बायको. दोघा भावांचं बोलणं तुटलं त्या दिवसापासून या दोघी जावा एकमेकींशी आठवड्याला बोलत होत्या, हे दोघाही भावांना माहीत नव्हतं. किंवा माहीत असावं. विचारायची हिंमत मात्र दोघांनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमृत आला. केस गेलेले, दात गेलेले, खांदा एका बाजूला झुकलेला. नानांनी त्याला ओळखलं ते फळीवर पाय ठेवायच्या त्याच्या रागीट पद्धतीवरून. मागे कोकिळाबाई. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि कालचं बोलणं अर्धं राहिलं असावं तशा बोलू लागल्या.

अमृत ओसरीवर बसला. "बाईना रोट पडेल शेतस म्हनीसन उनू. तुनाकरता नही."

"मी कोठे म्हनस मनाकरता?"

ताटं आली. दोघे भाऊ एकमेकांकडे न पाहता जेवू लागले. पहिला रोट संपवून अमृत म्हणाला, "बठ्ठी दुनियाना नावना गहू लिधात म्हने तू."

"हा."

"जो कधी जन्मना बी नही, त्यानाबी."

"हा."

"आनि मना?"

"तुना दरसाल लेस."

"मंग ते खाधात कोनी?"

"मीच."

अमृतने नानांच्या पोटाकडे शांतपणे पाहिलं. "दिखी राह्यनं," तो म्हणाला आणि त्याने आणखी एक रोट ओढला.

त्यापुढचे दिवस दोघे खात राहिले. समेट झाला असं म्हणता येणार नाही, कारण त्याला बोलावं लागतं. अमृतला साखरेची गोळी होती, नानांना छातीची. दोघे आपापली गोळी घेत आणि बसत. मधेच एक म्हणे, "हाऊ कोना?" दुसरा म्हणे, "बोरिवलीना." पौर्णिमेला शेवटचा एकच रोट उरला. लहानपणी त्या शेवटच्या रोटासाठी या दोघांनी एकमेकांची डोकी फोडली होती. आता तू खा, तू खा, म्हणून ताट इकडून तिकडे सरकत राहिलं. मंजुळाबाईंनी बाहेर येऊन त्याचे दोन तुकडे केले तेव्हा ते मिटलं.

तेवढ्यात पुना आला. घाईत होता. महोत्सवाचा अहवाल आजच जिल्ह्याला जायचा होता आणि पर्यटक रोट खात असल्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या हातात दोन केशरी टोप्या होत्या, पर्यटकांसाठी आलेल्या, तशाच पडून राहिलेल्या.

"नाना, दोघांनी घाला. आणि वर पाहू नका, ओळखू याल. ताटाकडेच बघा."

नानांना नाही म्हणायचं होतं. त्यासाठी तोंडातला घास आधी गिळायला हवा होता. तेवढ्यात फोटो निघाला.

हात धुवून अमृतने पिशवी खांद्याला लावली. कोकिळाबाई जावेच्या गळ्यात पडून रडल्या, पुरुष बाजूला उभे राहिले. अमृत नारळाकडे पाहत म्हणाला, "पुढला साल गहू लेवाले माले बलाय. मना डोयासमोर ले." नानांनी मान हलवली. मंजुळाबाईंनी नारळ उचलला, नथ काढून ठेवली, फडक्यात गुंडाळून तो डब्यात घातला आणि डबा फळीवर चढवला. नदीचं नाव कोणी काढलं नाही.

संध्याकाळपर्यंत फोटो नगरपंचायतीच्या पानावर आला. 'पारंपरिक रोटांचा आस्वाद घेताना पर्यटक.' मुख्याधिकाऱ्यांचं अभिनंदन झालं, पुढच्या वर्षी दोन बसगाड्या आणायचं ठरलं. नाना अमृतला स्टँडवर पोहोचवायला आले होते. कोकिळाबाई बाकावर पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. धुळ्याची गाडी लागायची होती. मोबाइल वाजला. स्वप्नीलचा निरोप होता. नानांनी चष्मा पुसून वाचला.

'मस्त, नाना! पण दोनच टूरिस्ट? तेही इतके म्हातारे? कुठून आणले? आणि फोटोत तुम्ही कुठेच दिसत नाही.'

नानांनी तो पुन्हा एकदा वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला.

"काय म्हनस पोऱ्या?" अमृतने विचारलं.

"विचारी राह्यना," नाना म्हणाले, "पर्यटक कोठला शेतस."

अमृतने ढेकर दिला. गाडी आत येत होती. त्याने कोकिळाबाईंना उठायची खूण केली.

"सांगी दे, आठलाच, ह्याच गावना शेतस," तो म्हणाला. "आते जाई राह्यनात."